न पोचलेला प्रश्न

"नुसतं सांग गं त्याला. तुझं पदरचं काही घालू नकोस."

आईचा हा आवाज तिच्या कानात बेचाळीस वर्षं होता. तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि कचेरीच्या खिडकीची कड तिच्या हनुवटीला टेकायची. खिडकीपलीकडचा माणूस कचेरीच्या भाषेत बोलायचा, आई घरच्या भाषेत, आणि मधे ही, दोन वेण्यांची, दोन काठांमधल्या साकवासारखी. त्या दिवशी आई एवढंच म्हणाली होती, "खोली गळते, माणूस पाठवा." हिनं आपलं "कृपा करून" जोडलं, वर "आमच्यावर फार उपकार होतील" हेही जोडलं, कारण शाळेत पत्रलेखनात तसं शिकवलं होतं. माणूस हसला. आईनं ते बरोबर टिपलं. "हा का हसला? मी हसण्यासारखं काहीच बोलले नाही." मग सगळं बाहेर आलं, आणि घरी पोचेपर्यंत आई समजावत राहिली. माझं बोलणं जाडंभरडं असेल तर जाडंभरडं जाऊ दे, आंबट असेल तर आंबट जाऊ दे, पण माझंच जाऊ दे.

आता ती एक्कावन्न वर्षांची होती आणि कामगार न्यायालयात दुभाषी होती. बावीस वर्षं झाली होती. काम तिला आवडायचं, पण ती हे फारसं बोलून दाखवत नसे. आवडतं म्हटलं की लोक दुप्पट गळ्यात मारतात, हे तिला पुरतं कळलं होतं. न्यायालयाची इमारत जुनी होती, जिने रुंद होते, तिसऱ्या मजल्यावरच्या दालनाची खिडकी नीट लागत नसे आणि वाऱ्यानं ती दिवसभर हळू कुरकुरायची, एखादी म्हातारी मनातल्या मनात कुणाशी भांडत असावी तशी. तिला तीही आवडायची.

दुभाषीच्या कामाचा एक कायदा आहे. साक्षीदार "मी" म्हणाला की दुभाषीनंही "मी"च म्हणायचं. "तो म्हणतो की" असलं काही मधे आणायचं नाही. त्यामुळे या बावीस वर्षांत ती परांचीवरून पडली होती, तीनदा विधुर झाली होती, शेकडो वेळा कामावरून निघाली होती आणि एकदा तर मुकादम होऊन स्वतःलाच शिव्या देऊन बसली होती. संध्याकाळी नवरा विचारायचा, "आज कोण होतीस?" नवऱ्याचं चष्म्यांची भिंगं घासायचं दुकान होतं आणि विचारताना तो तिच्याकडे पाहायचा तेही भिंग तपासावं तसं, एक डोळा मिटून. ती म्हणायची, "सांगता येत नाही." दालनातलं दालनात ठेवायचं, हाही कायदाच. तो म्हणायचा, "बरं. चेहऱ्यावरून वजनदार माणूस वाटतोय."

सुरुवातीची अकरा वर्षं तिनं उभ्यानं काम केलं होतं. न्यायाधीशांना खुर्ची, वकिलांना खुर्ची, साक्षीदाराला खुर्ची, आणि दुभाषी खांबाला टेकून, जणू तो खांबाचाच एक भाग. पाण्याचा पेलाही बाकीच्यांसाठी असायचा. मग शहरातले सात दुभाषी एकत्र आले. एका झेरॉक्सच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, कागदाच्या रिमांवर बसून, त्यांनी एक पान लिहिलं. त्यात आपल्या मागण्या होत्या आणि आपल्यावर घालून घेतलेली बंधनंही होती. खुर्ची मागितली होती, साक्षीदाराचं तोंड दिसेल अशी जागा मागितली होती, खटल्याचे कागद आदल्या दिवशी मागितले होते, लांब साक्षीत मधे विश्रांती मागितली होती, दीड तासाहून लांबणाऱ्या साक्षीला दोन दुभाषी मागितले होते. आणि बंधनांमधलं सहावं तिनं स्वतः लिहिलं होतं. आपल्या हातून चूक झाली हे लक्षात आलं की ती कुणाच्या ध्यानात आलेली असो वा नसो, आपणहून न्यायालयाला सांगायची.

"आपणहून कोण सांगतंय, बाई?" गुरुजी तेव्हा म्हणाले होते. गुरुजी म्हणजे त्यांच्यातले सगळ्यांत वयस्कर, आधी शाळामास्तर, मग दुभाषी.

"मी सांगेन," ती म्हणाली होती.

"तुमची चूक होतच नाही. तुमचं काय जातंय लिहायला?"

सगळे हसले होते, तीही हसली होती. खुर्ची मिळाली. पाणी मिळालं. विश्रांतीबद्दल वरून उत्तर आलं, दुभाषीनं मागितल्यास दहा मिनिटं द्यावीत. दोन दुभाषींची मागणी मात्र अडकली होती, आणि येत्या गुरुवारी वरच्या समितीपुढे ती पुन्हा यायची होती. शिरस्तेदारांनी तिला गमतीनं म्हणून सांगितलं होतं, "तुमची बावीस वर्षं आणि एकही चूक नाही, बाई. त्या जोरावर तर वरचे कागद वाचतायत. नाहीतर दुभाष्यांचं कोण ऐकतं? दुभाष्यांनी सगळ्यांचं ऐकायचं."

सोमवारची साक्ष एका धुलाईवालीची होती. मोठ्या धुलाईखान्यात ती चादरी इस्त्री करणाऱ्या यंत्रावर होती, दोन तापलेल्या रुळांमधून ओली चादर घालायची आणि पलीकडून कोरडी निघायची. त्या रुळांपुढे हात जाऊ नये म्हणून एक जाळी असते. त्या दिवशी जाळी नव्हती. उजव्या हाताची तीन बोटं गेली. धुलाईखान्याचं म्हणणं, बाईंचाच निष्काळजीपणा, म्हणून कामावरून काढलं. बाईचं म्हणणं, मला घड्या घालायच्या टेबलावर घ्या, घड्या मी डाव्या हातानंही घालते, या, बघा हवं तर. बाकी तिला काहीच नको होतं. काम हवं होतं, तेच धुलाईखान्यातलं, जिथे तिच्या जुन्या मैत्रिणी होत्या.

दुभाष्यांनी आपसांत ठरवून जोडीला गुरुजी यायचे होते. बारा वाजता त्यांचा फोन आला, म्हणजे त्यांच्या सुनेचा आला, कारण गुरुजींचा घसा पार बसला होता. शिरस्तेदार म्हणाले, "बघू, लवकर आटपेल." अडीचला सुरू झालं.

धुलाईखान्याचे वकील स्वभावानं वाईट नव्हते, पण त्यांना एक खोड होती. चार वाजल्यापासून ते म्हणत होते, "शेवटचे दोन प्रश्न, मॅडम." त्या दोन प्रश्नांना पोरं होत गेली, पोरांना पोरं झाली. न्यायाधीशबाई एकदा म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुमचे शेवटचे प्रश्न चिरंजीव दिसतात." दालन हसलं. दुभाषीनं तो विनोदही धुलाईवालीला पोचवला, आणि क्षणभर मागून तीही एकटीच हसली.

दुभाषीचा थकवा पायांत येत नाही. तो आधी आकड्यांत येतो, मग नावांत, आणि मग अशा ठिकाणी येतो जिथे आल्याचं कळतच नाही. शब्द आपोआप वाहू लागतात, आणि वाटतं, वा, आज किती छान लागलंय काम. साडेतीनलाच तिचं डोकं जड झालं होतं. दहा मिनिटं मागायची, एवढंच करायचं होतं. पण तिनं आजवर कधी मागितली नव्हती. सव्वापाचला साक्ष संपली.

बाहेरच्या व्हरांड्यात धुलाईवाली तिच्यापाशी आली. नियमानं तिच्याशी खटल्याबद्दल बोलता येत नव्हतं, पण ऐकू येणाऱ्या गोष्टीला कान कुठे नेऊन ठेवायचे?

"ताई, काय बोलता हो तुम्ही. माझंच दुःख, पण भाषा कळत नसूनही तुमच्या तोंडून ऐकताना मलाच रडू येत होतं."

"चला, सांभाळून जा."

"नाही पण खरंच. शेवटी शेवटी तर मी तोंड उघडायच्या आत तुम्ही उत्तर दिलंत. मी म्हटलं, बघा, एवढं मन जाणलं बाईनं, की मला विचारावंही लागलं नाही."

दुभाषी जिन्याकडे वळली. "उद्या अकराला या," एवढं ती कशीबशी म्हणाली.

खालच्या बसथांब्यावर बाकावर बसून तिनं सगळं पुन्हा मनात चालवलं, आणि ते ठिकाण सापडलं. दुपारी सुरुवातीला वकिलांनी विचारलं होतं, जाळी नसेल तर यंत्र सुरू करायचं नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं का? धुलाईवाली म्हणाली होती, हो, ठाऊक होतं, पहिल्याच दिवशी मुकादमांनी सांगितलं होतं. पाच वाजता वकिलांनी विचारलं, म्हणजे त्या दिवशी जाळी नव्हती, हे तुम्हाला ठाऊक होतं? आणि तिनं, साक्षीदाराकडे मान न वळवता, प्रश्न तिच्या भाषेत न नेता, तिथल्या तिथे उत्तर देऊन टाकलं होतं. "हो, ठाऊक होतं." अडीच तास "मी" म्हणता म्हणता ती खरोखरच धुलाईवाली होऊन बसली होती. पुढचा प्रश्न आला, तो तिनं नीट नेला, आणि मधला प्रश्न वाटेतच राहिला. तो धुलाईवालीपर्यंत कधी पोचलाच नाही.

आणि आता कागदावर होतं, की जाळी नाही हे माहीत असून बाईनं यंत्र चालवलं. घड्यांचं टेबल त्या एका ओळीत गेलं होतं.

एक बस आली, गेली. तिनं दुसरी पकडली.

घरी नणंद आधीच आलेली होती. नणंद दवाखान्यात परिचारिका होती, यांच्याकडेच राहायची, आणि तिच्या जिभेला दिवसभर आवर घालावा लागे म्हणून संध्याकाळी ती मोकळी सुटायची. तिघं जेवणाच्या टेबलाशी शेंगा सोलत बसली. दुभाषी सालं एका भांड्यात आणि दाणे कचऱ्यात टाकत होती.

"दादा, बघ हं," नणंद म्हणाली, "आज वहिनी दोन्ही भाषांत गप्प आहेत."

"वन्सं, चिडवू नका."

"चिडवत नाही. दाणे वाचवतेय."

नवऱ्यानं एक डोळा मिटला. "आज कोण होतीस?"

तिला एकदम वाटलं, सांगावं. पण सांगता कुठे येत होतं? दालनातलं दालनात. बावीस वर्षं हा नियम पाळताना तिला कधी जड गेलं नव्हतं, आज मात्र गेलं. ती म्हणाली, "आज जरा जास्तच कुणीतरी होते." नवऱ्यानं कचऱ्यातले दाणे वेचून धुतले आणि तिच्या पुढ्यातलं भांडं बदललं.

शेंगा सोलता सोलता तिच्या मनात एक पळवाट उगवली, तीही मोठी देखणी. उद्या अकराला साक्ष टंकून तयार असणार. ती धुलाईवालीला तिच्या भाषेत वाचून दाखवायची, मग सही. सहीनंतर ओळ पक्की. म्हणजे उद्या ती नुसती वाचत जाईल, आणि त्या ओळीवर धुलाईवाली स्वतःच म्हणेल, हे मी बोलले नाही. बस्. दुरुस्ती होईल, बावीस वर्षं तशीच राहतील, गुरुवारी समिती कागद उचलून धरेल, गुरुजींना आणि बाकीच्या पाच जणांना पुढे कधी एकट्यानं तीन तास ओढावं लागणार नाही. एकीच्या गप्प बसण्यानं सात जणांचं भलं.

पण वकील गप्प बसणार नव्हते. ते म्हणतील, काल हो म्हणाल्या, आज नाही म्हणतायत, बाई फिरल्या. ध्वनिमुद्रण असायचं, पण ते ऐकायला कुणाला सवड? ते थेट कपाटात जायचं. आणि फिरलेली बाई म्हणून धुलाईवालीचं बाकीचं खरंही खोट्यात जमा होईल. काही न करता तिच्या डोक्यावर दुभाषीची चूक बसेल, आणि वर ती म्हणेल, ताई, काय बोलता हो तुम्ही.

दुसऱ्या दिवशी ती पावणेअकरालाच दालनात होती. ठरवून आली होती, की न्यायाधीशबाई बसल्या की लगेच सांगायचं. पण शिरस्तेदारांनी आत येतानाच हात वर केला. "बाई, खूशखबर. गुरुवारच्या यादीत तुमचा कागद पहिला." मग न्यायाधीशबाई आल्या, त्याही हसून म्हणाल्या, "काल तुम्ही कमाल केलीत हो, एकट्यानं." तिच्या तोंडाशी आलेलं वाक्य पुन्हा आत गेलं. धुलाईवाली येऊन बसली, डाव्या हातानं पदर सारखा केला. खिडकी कुरकुरत होती.

"वाचायला घ्या," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

ती वाचू लागली. एकेक ओळ कोर्टाच्या भाषेतून उचलायची, घरच्या भाषेत ठेवायची. धुलाईवाली मान हलवत होती. बरोबर. बरोबर. हो, वाफ होती. हो, सकाळची पाळी होती. कालच्या साक्षीत खरंच सुंदर जागा होत्या. एके ठिकाणी बाई म्हणाली होती, गरम चादर बाहेर आली की तिला लेकराच्या अंगासारखा वास येतो, आणि वाचताना दुभाषीला पुन्हा वाटलं, हे काम मिळालं हे आपलं भाग्य. पानं उलटत होती. सातवं पान आलं.

तिनं प्रश्न वाचला. "म्हणजे त्या दिवशी जाळी नव्हती, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

धुलाईवालीनं चमकून वर पाहिलं. असा प्रश्न ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिचे ओठ उघडले. आणखी एक क्षण, आणि "हे मी बोलले नाही" असं तीच म्हणाली असती.

दुभाषीनं तिला डाव्या हातानं थांबवलं, कागद खाली ठेवला आणि उभी राहिली.

"मॅडम, हे नोंदीवर घ्यावं. काल हा प्रश्न साक्षीदारांपर्यंत गेलाच नाही. मी तो त्यांना सांगितला नाही. खाली जे उत्तर लिहिलंय ते त्यांचं नाही, माझ्या तोंडचं आहे. त्यांचा यात काही दोष नाही."

एवढं बोलून तिनं तेच सगळं धुलाईवालीला तिच्या भाषेत सांगितलं, कारण तिच्यासमोर बोललेलं प्रत्येक वाक्य तिला कळायला हवं होतं. धुलाईवाली तिच्याकडे बघतच राहिली.

वकील उठले. "मॅडम, साक्षीदार रातोरात फिरल्या असाव्यात, आणि आता दुभाषीबाई..."

"साक्षीदार अजून एक अक्षर बोललेल्या नाहीत, वकीलसाहेब," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "शिरस्तेदार, ती जागा लावा."

शिरस्तेदारांनी यंत्र पुढे-मागे केलं. दालनात कालचा आवाज आला. वकिलांचा प्रश्न संपला, आणि त्याला चिकटूनच दुभाषीचा आवाज, "हो, ठाऊक होतं." मधे दुसरी भाषा नव्हती. मधे धुलाईवालीचा श्वाससुद्धा नव्हता. दुभाषीनं आयुष्यात प्रथमच आपला आवाज असा बाहेरून ऐकला, गोड, सराईत, ठाम. असा आवाज ऐकला तर कुणीही विश्वास ठेवील, तिला वाटलं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

वकील खाली बसले. कागद सारखे करत म्हणाले, "माझी हरकत नाही. प्रश्न परत विचारायला मिळाला तर बरंच."

"एकच ना?" न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"एकच, मॅडम. खरोखरच शेवटचा."

प्रश्न विचारला गेला. दुभाषीनं तो उचलला, धुलाईवालीपुढे ठेवला आणि गप्प राहिली. तिला ती शांतता भरल्या घागरीसारखी वाटली, हिंदकळू न देता धरावी अशी. धुलाईवालीनं विचार केला, घाई केली नाही.

"नाही. मला ठाऊक नव्हतं. आदल्या पाळीत जाळी साफ करायला काढली होती म्हणे, परत लावलीच नाही. सकाळी वाफ इतकी असते, की रूळ दिसतात पण जाळी दिसत नाही. मला कळलं ते हात गेल्यावर."

दुभाषीनं ते जसंच्या तसं कोर्टाच्या भाषेत सांगितलं. टंकलेखिकेची बोटं चालली. जुनं उत्तर खोडलं गेलं, नवं लिहिलं गेलं, बाजूला कारण लिहिलं गेलं, आणि कारणापुढे तिची सही झाली. बावीस वर्षांतली पहिली. पेन ठेवताना तिला वाटलं, खांद्यावरचं काहीतरी कुणीतरी अलगद उतरवून नेलं होतं. धुलाईवाली पुढे झुकून हळूच म्हणाली, "ताई, मला वाटलं होतं तुम्ही मन जाणता."

"नाही हो बाई," ती म्हणाली, आणि नियम होता म्हणून दोघींचं हे बोलणंही मोठ्यानं कोर्टाला सांगितलं. न्यायाधीशबाईंच्या ओठांच्या कडा हलल्या.

मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बसा. तुमच्याकडून असं आजवर झालं नाही. गुरुवारी समितीपुढे मलाही बोलायचंय, म्हणून विचारते. काल काय झालं?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. गुरुजींचा घसा होता. वकिलांचे शेवटचे दोन प्रश्न होते. "बघू, लवकर आटपेल" होतं. सगळं खरं होतं, आणि कुणीही मान डोलावली असती. ती खुर्चीत बसली. बावीस वर्षं ती या दालनात "मी" म्हणत आली होती, पण त्यातलं एकही वाक्य तिचं स्वतःचं नव्हतं.

"मी दमले होते, मॅडम," ती म्हणाली. "साडेतीनलाच दमले होते. दहा मिनिटं मागायचा हक्क आमच्या पानावर आहे, आणि मी तो एकदाही वापरला नाही. कालच नव्हे, कधीच नाही. दमले म्हणायची मला लाज वाटत आली. काल मी फार दमले होते."